जिग आधी, बिट नंतर

नागदेवी स्ट्रीटवरच्या हत्यारांच्या दुकानात डव्हटेलचं बिट मागितलं की समोरून बहुधा एकच प्रश्न येतो: किती सुती? गिऱ्हाईक म्हणतं, चार. चार सूत म्हणजे अर्धा इंच, बिटाच्या तळाचा व्यास. तेवढ्यावर पुडी बांधली जाते. बिटाचा कोन किती, धार किती लांब, दांडा किती जाड, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. ज्या जिगवर हे बिट चालायचं आहे ती कुठली, तिच्या बोटांमधलं अंतर किती, तिला कोणता बुश लागतो, हा तर विषयच निघत नाही. मग वाकोल्याच्या गाळ्यात बिट चढतं, दोन तुकडे कापले जातात, सांधा एक तर शिरत नाही किंवा खुळखुळतो, आणि सगळा दोष जिगला लागतो. ती जिग कापडात गुंडाळून माळ्यावर जाते आणि खणाचे कोपरे पुन्हा स्क्रूवर येतात.

ही पुस्तिका माळ्यावर गेलेल्या त्या जिगांसाठी आहे.

तिच्यात सांगायची गोष्ट एकच आहे. डव्हटेलचं बिट सुटं निवडता येत नाही. जिग, गाईड बुश आणि बिट हे तीन भागांत विकलं जाणारं एकच हत्यार आहे. त्यातला एक भाग बदलला की उरलेल्या दोघांचं माप चुकतं. म्हणून दुकानात जाण्याआधी व्हर्निअर घेऊन आपल्या जिगपाशी बसायचं, चार मापं कागदावर उतरवायची आणि मगच बिट मागायचं. ही मापं कोणती, ती कशी घ्यायची आणि त्यातून बिटाचा कोन, व्यास, धारेची लांबी कशी ठरते, हे पुढच्या प्रकरणांत आहे. त्यामागचं कारण नीट कळलं तर ती प्रकरणं पाठ करावी लागणार नाहीत, म्हणून प्रस्तावना थोडी लांबवतो आहे.

आधी वाकोल्याबद्दल. सांताक्रूझ पूर्वेला हायवे आणि कलिना यांच्या मधल्या या पट्ट्यात सुतारकाम चालतं ते दहा-बारा फुटांच्या गाळ्यांत. एका भिंतीला प्लायच्या शीट, दुसऱ्या भिंतीला टेबल-सॉ, आणि उरलेल्या जागेत माणसं. शेजारीच बांद्रा-कुर्ला संकुलातल्या ऑफिसांचं काम, आणि आजूबाजूच्या वस्तीत दिवाण, ओट्याखालचे खण, देवघरं. सगळीकडे प्लाय आणि एमडीएफचं राज्य. पण गेल्या काही वर्षांत एक जुना पाहुणा परत आला आहे. पुनर्विकासात चाळी, बंगले आणि गावठाणातली जुनी घरं उतरतात तेव्हा त्यांच्या तुळया, दारं, जिन्याचे कठडे बाजारात येतात. बर्मा सागवानाची तुळई चिरली की आतून मधासारखा रंग आणि तेलकट वास येतो. असं लाकूड हाताशी आल्यावर त्याच्या खणाला स्क्रू मारायला हात धजत नाही. माझा तरी धजत नाही.

डव्हटेलकडे वळायचं दुसरं कारण पाण्याचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ती वेधशाळा इथून हाकेच्या अंतरावर, आणि वाकोला नाला पुढे मिठी नदीला मिळतो. मिठी भरली की नाल्याचं पाणी मागे फिरतं. तळमजल्यावरच्या फर्निचरचं अशा पाण्यात काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पार्टिकल बोर्ड भिजला की फुगतो आणि पुन्हा जागेवर येत नाही, त्यातल्या स्क्रूची पकड कायमची जाते. साधा पांढरा गोंद भिजून मऊ पडतो. डव्हटेलचा सांधा मात्र गोंद गेला तरी आकारावर उभा राहतो. खणाची दर्शनी फळी आपण पुढे ओढतो आणि बाजूच्या फळ्यांच्या शेपट्या तिच्यात पाचरीसारख्या अडकलेल्या असतात. ज्या दिशेने ताण येतो त्या दिशेने हा सांधा निघूच शकत नाही, तो ठोकून बसवला त्याच्या उलट दिशेनेच निघतो. इजिप्तच्या प्राचीन थडग्यांत सापडलेल्या लाकडी पेट्यांतही हा सांधा आहे. हजारो वर्षांत त्याला पर्याय पुष्कळ आले, पण रोज ओढल्या जाणाऱ्या खणासाठी याच्याइतका भरवशाचा मला तरी दुसरा दिसलेला नाही.

आता बिटाकडे. बाजारात मिळणाऱ्या जिगा ढोबळपणे दोन घराण्यांतल्या. पहिल्या घराण्यात बोटांचा एकच कंगवा असतो. खणाची बाजूची फळी उभी, दर्शनी फळी आडवी, दोन्ही एकदम आवळायच्या आणि एकाच बिटाने एकाच फेरीत शेपट्या आणि त्यांची घरं दोन्ही कापायची. सांधा बाजूने दिसतो, समोरून दिसत नाही. इथल्या बहुतेक गाळ्यांत हीच जिग असते. दुसऱ्या घराण्यात सांधा आरपार असतो, दोन्ही बाजूंनी दिसणारा. तिथे शेपट्या डव्हटेल बिटाने आणि त्यांच्या मधल्या फटींत बसणारे दात, म्हणजे पिना, सरळ बिटाने कापतात, आणि पिनांच्या टेम्प्लेटची बोटं बिटाच्या कोनाइतकीच तिरपी घडवलेली असतात.

पहिल्या घराण्याचं गणित एकदा समजून घेतलं की निम्मी कटकट संपते. बिट वर अरुंद आणि खाली रुंद. ते लाकडात जितकं खोल जाईल तितकी लाकडाच्या पृष्ठभागापाशी त्याची रुंदी कमी. उभ्या फळीत दोन खाचांच्या मध्ये जे लाकूड उरतं ती शेपटी. खाच वरून अरुंद झाली की शेपटीचं टोक रुंद होतं. पण हे टोक जिथे जाऊन बसायचं त्या आडव्या फळीतल्या घराचा तळ तेवढाच राहतो, तो खोलीने बदलत नाही. शेपटी जाड झाली, घर तेवढंच राहिलं, म्हणजे सांधा घट्ट. १४ अंशाच्या बिटाचा हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे: बिट १ मिलिमीटर खाली सोडलं की सांधा जवळजवळ अर्धा मिलिमीटर घट्ट होतो. ढिला आला तर बिट खाली, शिरत नसेल तर वर. अनेक कारागीर याच्या बरोबर उलट करतात, कारण खोल कापलं म्हणजे जास्त लाकूड गेलं आणि सांधा सैल होणार, असं मनाला वाटतं. मनाचं ऐकलं की प्रत्येक फेरीला सांधा आणखी बिघडतो.

याच हिशोबातून कोनाचा प्रश्नही सुटतो. ७ अंशाच्या बिटाचा उतार निम्मा, म्हणून त्याच बदलाला दुप्पट खोली लागते. समजा तुमची जिग १४ अंशाच्या चार सुती बिटाला तीन सुतांवर, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरवर, नेमका सांधा देते. तिच्यावर त्याच व्यासाचं ७ अंशाचं बिट चढवलं तर तोच सांधा जुळायला सुमारे १९ मिलिमीटर खोल जावं लागेल. पाऊण इंची दर्शनी फळी तेवढ्यात आरपार फाटेल. बिट चांगलं आहे, धारदार आहे, महागडं आहे, पण या जिगचं ते नाही. दुकानातला व्यासाचा प्रश्न अपुरा पडतो तो इथे.

अंश हा शब्द अवघड वाटत असेल तर उतारात बोलू. १४ अंश म्हणजे चारास एक, ७ अंश म्हणजे आठास एक, साडेनऊ अंश म्हणजे सहास एक. हाताने डव्हटेल कापणारे जुने कारागीर मऊ लाकडाला सहास एक आणि कठीण लाकडाला आठास एक उतार धरत, अशी परंपरा आहे. मग कंगव्याच्या जिगांनी इतका आडवा उतार का घेतला? कारण त्यांची खोली तोकडी. साडेनऊ मिलिमीटरमध्ये शेपटीला पुरेशी पकड द्यायची तर उतार जास्तच हवा. उलट आरपार सांध्यात बिटाची खोली फळीच्या जाडीइतकी लागते, आणि तिथे १४ अंश चालतच नाही. अर्ध्या इंचाच्या बिटाची मान मोजून पाहा. १४ अंशाने अर्धा इंच खोल गेलं की मान साधारण ६.४ मिलिमीटर उरते. १९ मिलिमीटर गेलं तर जेमतेम ३.२. असं बिट सागवानात पहिल्याच खाचेत मोडेल. ७ अंशाच्या बिटाची मान अर्धा इंच खोलीवर साडेनऊ मिलिमीटरच्या वर असते आणि १९ मिलिमीटरवरही ८ च्या आसपास राहते. आरपार डव्हटेलच्या जिगांसोबत ७ किंवा ८ अंशाची बिटं का दिसतात त्याचं एक मोठं कारण ही मान.

आणि ७ ऐवजी ८ चालेल का? एक अंशाने काय होतं, असं पुष्कळ जण म्हणतात. आरपारच्या जिगमध्ये पिनांचा कोन टेम्प्लेटच्या धातूत कायमचा घडवलेला आहे. त्याच्याशी बिट एका अंशाने चुकलं तर १९ मिलिमीटर जाड फळीत प्रत्येक बाजूला एक तृतीयांश मिलिमीटरची पाचरीसारखी फट राहते. एका तोंडाला सांधा घट्ट, दुसऱ्या तोंडाला उघडा. ही फट बिट वर-खाली करून जात नाही, टेम्प्लेट पुढे-मागे करूनही जात नाही. भुसा आणि गोंद कालवून भरलेल्या डव्हटेलच्या फटी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांनी बहुधा हा एक अंश पाहिलेला आहे.

बुशचं प्रकरण या पुस्तिकेत सर्वांत मोठं आहे आणि तसं ते मुद्दाम केलं आहे. कंगव्याच्या जिगा बहुतांशी इंची मापाच्या राउटरसाठी आखलेल्या. त्यांना लागणारा नेहमीचा बुश साडेतीन सुती, म्हणजे बाहेरून ११.१ मिलिमीटर. आपल्याकडच्या राउटरचे बुश बहुधा मिलिमीटरमध्ये. मग बारा मिलिमीटरचा बुश बोटांच्या मध्ये बसतो आहे ना, म्हणून तोच चढवला जातो. ०.९ मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. पण तो शेपटीतही येतो आणि घरातही, म्हणजे सांध्यात १.८ मिलिमीटर. १४ अंशाच्या बिटाने तो भरून काढायचा तर खोली ३.६ मिलिमीटरने कमी करावी लागते. तीन सुतांचा सांधा दोन सुतांच्याही आत आला. तो जुळेल, पण त्याची पकड गेली. बिटाच्या व्यासाचं तेच. अर्धा इंच म्हणून १२ मिलिमीटरचं बिट हाती पडलं तर सांध्यातला फरक १.४ मिलिमीटर आणि खोलीतला २.८. म्हणून पुडीवरच्या छापील मापावर विसंबू नका, बिट व्हर्निअरमध्ये धरा. धार लावून आणलेल्या बिटालाही हे लागू आहे. धार लावताना व्यास ०.२ मिलिमीटरने उतरला तर खोली ०.८ ने बदलते. ‘धार लावल्यापासून सांधा बसत नाही’ या तक्रारीत धार लावणाऱ्याचा दोष नसतो. खोली नव्याने बांधायची राहिलेली असते.

दांड्याबद्दल लोकांचा समज असा की जाड तेवढा चांगला. सरळ बिटाला ते खरं आहे. इथे मात्र बिटाचा दांडा बुशच्या पोटातून जातो, आणि साडेतीन सुती बुशचं पोट साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. अर्धा इंची दांडा त्यातून जाणारच नाही. पाव इंची दांडा आरामात जातो, आठ मिलिमीटरचा दोन्ही बाजूंना पाऊण मिलिमीटरभर जागा ठेवून जातो. माझी पसंती आठ मिलिमीटरला, राउटरला त्याचं कॉलेट मिळत असेल तर. पाव इंची दांडा सागवानात घाईने चालवला की थरथरतो आणि खाचेच्या भिंतीवर लाटा उमटतात. आणि इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायला हवी: सहा मिलिमीटरचा दांडा आणि पाव इंची दांडा एक नव्हे. पाव इंच म्हणजे ६.३५. त्या कॉलेटमध्ये सहाचा दांडा आवळल्यासारखा वाटतो, आणि मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेऱ्यांवर तो निसटतो. डव्हटेलचं बिट तळाशी रुंद असल्याने ते लाकडात स्वतःला खाली ओढून घेतं. दांडा सुटला की खोली आपोआप वाढते, बिट फळीतून बाहेर येतं, आणि हात कुठे आहे त्याची वाट पाहत नाही.

त्याच रुंद तळामुळे राउटर चालू असताना कधीही वर उचलायचा नाही. सरळ बिटाची सवय लागलेला हात काम संपलं की मशीन उचलतो. डव्हटेल बिट तेव्हा शेपटी कापतं, कंगव्याचं बोट कापतं, बुशही कापतं. राउटर टेम्प्लेटवर सपाट ठेवूनच आपल्याकडे ओढून बाहेर काढायचा आणि फिरणं पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवायचा. नव्या पोऱ्याला जिगवर उभं करण्याआधी मी राउटर बंद ठेवून, प्लग काढून, नुसती ही हालचाल करवून घेतो. कंटाळा येईपर्यंत करवून घेतो.

बिट कशाचं असावं यावर फार लिहायची गरज नाही. सागवानात सिलिका असते, ती साध्या हायस्पीड स्टीलची धार पाहता पाहता खाते. प्लायमधला गोंदही तेच करतो. टंगस्टन कार्बाइडची धार असलेलं बिटच घ्यावं. पण कार्बाइड ठिसूळ, आणि उतरवलेल्या घरांच्या सागवानात खिळे असतात. डोकं तुटलेला, गंजून लाकडाच्या रंगाचा झालेला जुना खिळा डोळ्याला दिसत नाही. फळीवर काळपट निळी झाक दिसली की तिथे लोखंड आहे असं समजा, कारण सागवानातली द्रव्यं लोखंडाशी मिळून तो डाग पाडतात. दोऱ्याला बांधलेला छोटा चुंबक फळीवरून फिरवला की तो खिळ्यापाशी ओढ खातो. यात पाच मिनिटं जातात. बिटाची किंमत त्याहून पुष्कळ जास्त आहे.

प्लायवूडबद्दल माझं मत पुष्कळांना पटणार नाही. १४ अंशाची शेपटी प्लायमध्ये कापू नये. शेपटीच्या कोपऱ्यापाशी प्लायचे आडवे थर इतके तोकडे होतात की सांधा ठोकताना ते पापुद्र्यासारखे सुटतात. पाठीमागे फळी लावून ढलप्या थांबवता येतात, आधी उजवीकडून डावीकडे हलकी फेरी मारूनही थांबवता येतात, पण सुटलेले थर थांबत नाहीत. बारा मिलिमीटर प्लायच्या खणाला सरळ बिटाने कापलेला बोटांचा सांधा अधिक शोभतो आणि अधिक टिकतो. डव्हटेल घन लाकडाला ठेवा.

पावसाळ्याचं एक प्रकरण शेवटून दुसरं आहे. सागवान फार हलत नाही. ओल्या लाकडापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ते आडव्या अंगाने सुमारे ५.८ टक्के आणि किरणांच्या दिशेने अडीच टक्के आकसतं, जे इतर पुष्कळ लाकडांपेक्षा कमी. जुलैतल्या हवेत खण फुगतो तेव्हा शेपटी आणि तिचं घर एकाच दिशेने फुगतात, म्हणून सांधा सहसा बिघडत नाही. पण दर्शनी फळी सागाची आणि बाजू आंब्याची किंवा पाइनची असेल तर दोघांची चाल वेगळी. अशा खणाचा नमुना-तुकडा त्याच दोन लाकडांतून, त्याच जाडीचा आणि त्याच गाळ्यात आठवडाभर ठेवलेला हवा. नुकत्याच ट्रकमधून उतरलेल्या फळीवर खोली बांधू नये.

परदेशी जिगांचा उल्लेख या पुस्तिकेत जागोजाग येईल. कॅनडातल्या ली कंपनीचा लंबवर्तुळाकार बुश फिरवून सांधा सैल-घट्ट करता येतो, अमेरिकेतल्या केलरच्या टेम्प्लेटला बुशच लागत नाही, तिथे बिटाच्या दांड्यावरच बेअरिंग असतं. या युक्त्या शिकण्यासारख्या आहेत. पण त्या जिगांच्या बिटांचे क्रमांक पाठ करून नागदेवीला जाऊन उपयोग नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी क्रमांकाऐवजी माप दिलं आहे. हाताने कापायचा डव्हटेल आणि सरकवायचा लांब डव्हटेल हे दोन विषय मी वगळले आहेत. पहिल्याला जिग लागत नाही, दुसऱ्याला बिटाची निवड वेगळ्याच कारणांनी होते, आणि दोन्ही स्वतंत्र पुस्तिकेचे विषय आहेत.

पहिल्या प्रकरणाआधीच्या पानावर एक कोरा तक्ता आहे. त्यात एका बोटाच्या मध्यापासून शेजारच्या बोटाच्या मध्यापर्यंतचं अंतर, बोटांमधल्या फटीची रुंदी, बुशचा बाहेरचा आणि आतला व्यास, आणि राउटरला मिळणारी कॉलेटं लिहायची आहेत. फटीची रुंदी तीन ठिकाणी मोजावी, कारण स्वस्त जिगांची ओतीव बोटं सारखी नसतात. तीन मापांत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर आधी सातवं प्रकरण वाचा, बोटं कानशीने कशी सारखी करायची ते तिथे आहे, आणि मगच पहिल्याकडे या.